आधी गॉगल, पॅडल शेवटी

मुलांनो, पाण्याची भीती गेली, हात-पाय नीट चालू लागले, की पोहण्याची खरी मजा सुरू होते. तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता वीस-वीस फेऱ्या! असा रोजचा सराव सुरू झाला, की मोठ्या मुलांच्या जाळीच्या पिशवीकडे हळूच लक्ष जातं. केवढी साधनं असतात तीत! मग घरी हट्ट, "बाबा, मलाही सगळं हवं!" थांबा हं. कोणतं साधन कशासाठी, ते आधी पाहू.

पहिला मान गॉगलचा. दुकानात पट्टा न लावता तो डोळ्यांवर हलकेच दाबून पाहा. क्षणभर तसाच चिकटून राहिला, तर तो तुमच्या चेहऱ्याला बसतो. पट्टा करकचून आवळावा लागत असेल, तर कितीही झकपक असो, नको. उघड्या तलावासाठी गडद काच, छपराखालच्या तलावासाठी पारदर्शक. काचेची आतली बाजू बोटानं पुसू नका. वाफ धरू न देणारा थर निघून जातो.

गॉगलनं दगा दिला तर? २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत मायकेल फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं. शेवटी तर त्याला भिंतही दिसेना. पण तो आपले हात मोजत पोहत राहिला आणि १ मिनिट ५२.०३ सेकंदांत, विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकला. साधन फसलं, सराव फसला नाही!

नंतर किकबोर्ड. ही फळी हातांनी धरायची आणि फक्त पाय मारायचे. पुल बॉय याच्या उलट. तो मांड्यांमध्ये धरला की पाय आपोआप तरंगतात, काम फक्त हातांना. ही दोन्ही साधनं बऱ्याच तलावांवर वापरायला मिळतात, म्हणून विकत घेण्याआधी सरांना विचारा. पायात घालायचे फिन्स घेणार असाल, तर आखूड घ्या. त्यांत पाय नेहमीच्या लयीत चालतात.

आता हाताला बांधायचं पॅडल. विजेचा अभ्यास करणारे अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन ठाऊक आहेत ना? अठराव्या शतकात, लहान असताना, त्यांनी अशीच पॅडल स्वतः बनवली होती. लांबी सुमारे १० इंच, रुंदी ६ इंच आणि अंगठ्यासाठी एक भोक. वेग वाढला, पण मनगटं दमली, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं. कारण सोपं आहे. पंजा मोठा झाला की जास्त पाणी रेटावं लागतं आणि तो भार मनगटावर, खांद्यावर येतो. म्हणून पॅडल सगळ्यात शेवटी, सरांनी सांगितल्यावरच, आणि पंजापेक्षा जरासंच मोठं. खांदा दुखला तर लगेच काढा. दुखणं लपवून पोहण्यात शौर्य नाही बरं का! खांदा काही दुकानात मिळत नाही.

आणखी एक गंमत. शर्यतीत फिन्स आणि पॅडल चालतच नाहीत! गॉगल मात्र चालतो. तिथं उपयोगी पडतात ते आपलेच हात-पाय.

म्हणून उद्या एक करा. एका फेरीत आपले हात किती पडतात ते मोजा आणि वहीत लिहून ठेवा. महिन्यानं पुन्हा मोजा. तेवढ्याच वेळात, कमी हातांत फेरी पुरी झाली, तर तुमची प्रगती झाली! आणि या साधनाला एक पैसाही पडत नाही.