हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

दुसऱ्याच्या मालावर पाणी सोडून आपण दानशूर म्हणवून घेणाराविषयीं आपल्याकडे म्हण आहे कीं, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. सरकारी पैशानें खेळाचीं अवाढव्य मैदानें उठविणाऱ्या कारभाऱ्यांस ही म्हण किती चपखल लागू पडते, हें आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें मांडावें म्हणून आज लेखणी हातीं घेतली आहे.

प्रथमच सांगून ठेवतों कीं, आम्ही खेळाचे वैरी नाहीं. आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. पोरांनीं लंगोट कसावा, तांबड्या मातींत लोळावें, अंगापिंडानें भरावें, असें आम्हांस रोज वाटतें. आमचा वाद खेळाशीं नसून थैलीशीं आहे. पैसा कोणाचा, खर्च कोणासाठीं, आणि त्यापायीं कोणाचें काम मागें पडलें, एवढेंच आम्ही विचारतों.

दिल्लीचें उदाहरण घ्या. तेथें २०१० सालच्या आक्टोबरांत राष्ट्रकुल खेळ झाले. अवघा बारा दिवसांचा सोहळा! महालेखापालांनीं २०११ सालीं दिलेल्या अहवालांत केंद्र व दिल्ली सरकारचा मिळून खर्च १८,५३२ कोटी रुपये धरला आहे. विमानतळ व मेट्रो यांचा खर्च त्यांत नाहींच. एकट्या नेहरू मैदानाच्या नूतनीकरणास ९६१ कोटी लागले. यांत कोणीं किती खाल्लें याची चर्चा त्या वेळीं पुष्कळ झाली. तो आमचा आजचा विषय नव्हे. समजा, एक पैही कोणीं खाल्ली नसती, तरी एक गोष्ट उरतेच.

ती अशी. सरकारी हिशेबांत विशेष घटक योजना म्हणून एक निराळें खातें १९७९ च्या सुमारास सुरू झालें. त्यालाच पुढें अनुसूचित जाती उपयोजना म्हणूं लागले. त्या जातींची लोकसंख्या जेवढी, तेवढ्या प्रमाणांत विकासाचा पैसा त्यांच्याच वस्त्यांसाठीं, मुलांच्या शिक्षणासाठीं व पोटापाण्याच्या धंद्यासाठीं बाजूस काढावयाचा, असा त्याचा नेम. या खात्यांतले ७४४ कोटी रुपये २००६ पासूनच्या पांच वर्षांत दिल्ली सरकारनें खेळांच्या कामांकडे वळविले, हें माहितीच्या अधिकाराखालीं मिळालेल्या कागदांवरूनच २०१० सालीं उघडकीस आलें. राज्यसभेंत प्रश्न झाले, आणि हें वळविणें चुकीचें होतें असें खुद्द गृहमंत्री चिदंबरम यांस कबूल करावें लागलें.

चोर भिंत फोडून आला तर निदान कुत्रें तरी भुंकतें. हा पैसा वहीच्या एका ओळींतून दुसऱ्या ओळींत गेला. तेथें कोणाचें कुत्रें भुंकणार? एका वस्तीच्या नळास व गटारास एक कोटी धरले तरी ७४४ वस्त्यांचें काम झालें असतें. तेवढ्या घरांतल्या बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरला असता.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, मैदान सर्वांचेंच आहे. गरिबालाही तें खुलें आहे." ठीक आहे. मग पैसा तरी सर्वांच्या खात्यांतून काढावयाचा होता! ज्याच्या घरांत नळ नाहीं त्याच्या थैलींतून काढून, ज्याच्या घरांत कारंजें आहे त्याच्याबरोबर त्याला एका पंक्तीस बसविणें याला समता म्हणत नाहींत.

दुसरा कोणी म्हणेल, मैदानामुळें व्यापार वाढतो, कर वाढतो, मग त्यांतूनच दवाखाने व रस्ते होतात. हा युक्तिवाद जुना आहे आणि सातां समुद्रांपलीकडे त्याची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेंत ओहायो प्रांतीं हॅमिल्टन नांवाचा परगणा आहे. सिनसिनाटी हें त्याचें मुख्य शहर. तेथील मतदारांनीं १९९६ सालीं विक्रीवर डॉलरमागें अर्धा सेंट जादा कर मान्य केला. त्यांतून दोन बड्या संघांसाठीं दोन मैदानें उभीं राहिलीं, एक २००० सालीं व दुसरें २००३ सालीं. घरपट्टींत सूट देऊं, असें वचन लोकांस दिलें होतें. पुढें कराचें उत्पन्न अंदाजाइतकें येईना. सुटीस कात्री लागली, आणि मैदानांच्या खात्यांतला खड्डा भरण्यासाठीं परगण्यानें आपलें सार्वजनिक इस्पितळ विकलें. मैदानांतून दवाखाना निघणार होता. येथें दवाखानाच मैदानाच्या पोटांत गेला! श्रीमंत अमेरिकेची ही गत, तर आपली काय कथा?

मग राजानें मैदान बांधूंच नये काय? अवश्य बांधावें. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१२ सालीं खासबागेचें कुस्तीमैदान उभें केलें. शंभरावर वर्षें उलटलीं, तरी तेथें अजून कुस्त्यांचे फड रंगतात. पण त्याच राजानें भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचें काम हातीं घेतलें, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. पाटाचें पाणी, शाळेची पाटी आणि आखाड्याची माती, तिन्ही एका हातानें दिलीं. एकाच्या ताटांतलें काढून दुसऱ्याच्या ताटांत वाढलें नाहीं. यालाच आम्ही कारभार म्हणतों.

आज हें सांगण्याचें कारण असें कीं, २०३० सालच्या राष्ट्रकुल खेळांचा मान २०२५ च्या नोव्हेंबरांत अहमदाबादेस मिळाला. त्याच महिन्यांत, दिल्लीचें तें ९६१ कोटींचें मैदान पाडून तेथें नवी क्रीडानगरी करण्याचा क्रीडाखात्याचा बेतही वर्तमानपत्रांतून जाहीर झाला. जें पंधरा वर्षांपूर्वीं गरिबाच्या वांट्याचें काढून सजविलें, तें आतां पाडण्याच्या गोष्टी! पुन्हा थैल्या सुटतील. आंध्र प्रदेश व कर्नाटक या राज्यांनीं २०१३ सालीं कायदे करून उपयोजनेच्या पैशास कुंपण घालण्याचा यत्न केला. तसें पक्कें कुंपण सर्वत्र हवें.

आणि कुंपणाची राखण आपणच केली पाहिजे. दिल्ली दूर आहे, असें म्हणूं नका. तालुक्याच्या गांवींही मैदानाचा नारळ फुटतो. फुटूं द्या, पण ग्रामसभेंत उभे राहून चार प्रश्न विचारा. हा पैसा कोणत्या खात्यांतला? पुढें देखभाल कोण करणार? आमचीं पोरें तेथें रोज खेळणार कीं दाराला कुलूप राहणार? आणि यासाठीं कोणती विहीर, कोणती शाळाखोली, कोणता रस्ता मागें ठेवला? उत्तर तोंडी घेऊं नका, कागदावर मागा. अक्षर येत नसेल तर आपल्या पोराकडून वाचून घ्या. त्यासाठींच तें शाळेंत जात आहे.

हलवाई जागा असला म्हणजे त्याच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यास कोणी धजत नाहीं.