गोळी कपाटात, परवानगी टेकडीवर

झरी जामणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रातून आलेलं पत्र टेबलावर आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावरचा (वस्तीवरचा) जुना रुग्ण, रक्तदाब १७०/११०. ॲम्लोडिपिन कपाटात भरपूर. पण डोस वाढवायचा तर वैद्यकीय अधिकाऱ्यांची चिठ्ठी हवी, चिठ्ठीला ई-संजीवनीवरून डॉक्टरांना कॉल हवा, ई-संजीवनीला रेंज. आमच्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई टॅब घेऊन गावामागच्या टेकडीवर चढल्या. कॉल लागेना. खाली येईतो म्हातारबुवा निघून गेलेले. महिनाअखेरच्या बैठकीत विचारणा झाली ती म्हातारबुवांची नव्हे. कॉल कमी का, याची!

अशी पत्रं दर महिन्याला येतात. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून सहा महिन्यांचा कोर्स करून घेतला, परीक्षा घेतली, पदनामात ‘अधिकारी’ लावलं. २५ हजार मानधन, वर १५ हजारांपर्यंतचा कामगिरी मोबदला. आकडे हुकले की त्याला कात्री. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मध्यम स्तरावरच्या आरोग्यसेवा देणाऱ्याला प्राथमिक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतील, अशी मर्यादित परवान्याची तरतूद आहे. ती कागदावरून उपकेंद्राच्या ओट्यावर कधी उतरणार? २०२३ मध्ये अशा आरोग्य केंद्रांचं नाव ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झालं. पाट्या रंगवायला मुहूर्त सापडतो, परवान्यालाच तेवढा नाही.

२०१७ च्या हंगामात कीटकनाशक फवारणीतली विषबाधा आपल्या यवतमाळ जिल्ह्याने भोगलीय. कपाशीतून घामाघूम, लाळ गळत आलेला मजूर उद्या उपकेंद्राच्या दारात आला, तर ॲट्रोपिन कोणी द्यायचं, किती द्यायचं, याचा लेखी स्थायी आदेश भिंतीवर नको? की तेव्हाही टेकडी चढायची?

आता थोडं आपल्याही लोकांना. २०२१ च्या जानेवारीत घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओ डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. अधिकार मागणाऱ्यांनी बाटलीवरचं लेबल दोनदा वाचायला हवं, नोंदवही त्याच दिवशी भरायला हवी. महिन्याची वही शेवटच्या रात्री एका शाईने भरणारे आपल्यात आहेतच. त्यांच्यामुळे सगळ्यांची मागणी पोकळ ठरते.

तेव्हा एवढं करा. येत्या १ तारखेपासून न लागलेला प्रत्येक कॉल लिहा: तारीख, वेळ, त्रास, कपाटात असूनही देता न आलेलं औषध. रुग्णाचं नाव नको. महिनाअखेरीस वहीची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या, एक प्रत आमच्याकडे पाठवा. सोळाही तालुक्यांच्या वह्या एकत्र बांधून आम्ही जिल्हा परिषदेत नेऊ. बैठकीत आकडेच लागतात ना? मग हेही आकडेच आहेत.