गोळीचा वाद आणि बाईचा हिशेब

कोलेस्टेरॉल हा हृदयविकाराचा खरा गुन्हेगार, की औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा? हा वाद आता डॉक्टरांच्या परिषदांपुरता राहिलेला नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांतून तो आपल्या वस्त्यांत, बचत गटांच्या बैठकांत येऊन पोचला आहे. एक बाजू म्हणते, रिपोर्टमधला आकडा वाढला की स्टॅटिनची गोळी सुरू करा. दुसरी म्हणते, गोळी म्हणजे विष, फेकून द्या. दोघेही छातीठोकपणे बोलतात. माझा प्रश्न साधा आहे : या भांडणात बाई कुठे आहे?

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ साली हृदयविकाराचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ५,२०९ माणसांत निम्म्याहून जास्त बाया होत्या. म्हणजे बायांना मोजणं अशक्य नव्हतं. तरीही पुढे आहाराचे आणि औषधांचे नियम ज्यांवरून ठरले, त्या अनेक अभ्यासांतून बाई गळाली. अँसल कीज यांचा सात देशांचा गाजलेला अभ्यास फक्त पुरुषांचा. अमेरिकेतला १२,८६६ जणांचा आणखी एक अभ्यास तर 'मिस्टर फिट' याच नावाने ओळखला गेला. त्यातही बाई एक नाही. स्टॅटिनची स्कॉटलंडमधली चाचणी १९९५ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ६,५९५ पुरुष. त्याआधीच्या वर्षीच्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत ४,४४४ रुग्णांत बाया ८२७. बाईला पुरुषासारखे उपचार मिळवायचे तर आधी तिला पुरुषाइतकंच आजारी असल्याचं सिद्ध करावं लागतं, असं डॉ. बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्येच लिहिलं होतं.

त्यामुळे शंका घेणाऱ्यांचा एक प्रश्न रास्त होता. ज्या बाईला हृदयविकार नाही, तिला या गोळीचा उपयोग काय? २००४ साली झालेल्या एका आढाव्यात, अशा बायांमधले एकूण मृत्यू औषधाने कमी झाल्याचं दिसलं नाही. पण चाचण्यांत बायाच थोड्या, तर पुरावा येणार कुठून? 'पुरावा अपुरा आहे' आणि 'औषध निरुपयोगी आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. २०१५ मध्ये २७ चाचण्यांमधली सुमारे पावणेदोन लाख माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात बाया ४६,६७५, म्हणजे चौथाईहून थोड्याच जास्त. धोका सारखा असेल तर बाईलाही पुरुषाच्या जवळपास तेवढाच फायदा होतो, असं त्यातून दिसलं. ज्यांना आधी झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी तर ही गोळी मोलाचीच.

गोळीचे त्रासही आहेत. काहींचे स्नायू दुखतात, रक्तातली साखर थोडी वाढू शकते. हे बाईला आधी सांगितलं पाहिजे. बऱ्याच मोठ्या चाचण्या कंपन्यांच्या पैशाने झाल्या, तेव्हा त्यांची सगळी माहिती स्वतंत्र तपासणीसाठी खुली करा ही मागणीही योग्यच आहे. पण संशय घेणं वेगळं आणि चालू औषध तोडायला लावणं वेगळं. ऑस्ट्रेलियात २०१३ साली स्टॅटिनविरोधी दूरदर्शन कार्यक्रम दाखवला गेला. त्यानंतर तिथे आठवड्याला सुमारे १४ हजार वेळा कमी औषध दिलं गेलं, असं संशोधकांना आढळलं. पुढे वाहिनीनेच तो कार्यक्रम एकतर्फी ठरवून काढून टाकला.

आपल्याकडे असा निरोप आला की आधी कोणाची गोळी बंद होते? वस्तीत काम करताना मी पाहते, नवऱ्याच्या गोळ्या वेळेवर येतात. तिची पट्टी संपली की 'पुढच्या पगाराला बघू'. अँजिओप्लास्टी झालेल्या एका बाईने गोळी सोडली, कारण 'ती घातकच असते असं आलंय' आणि त्या पैशात मुलीच्या शिकवणीची फी भागत होती. घराला हवीच असलेली काटकसर त्या निरोपाने शास्त्रीय करून टाकली. शिवाय घरात कोणाला झटका आला की दोष सुनेच्या फोडणीला. तिच्या स्वतःच्या छातीतल्या कळा मात्र पित्ताच्या.

बाईचा धोका नुसत्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून कळत नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याची वेळ आली होती का, चाळिशीच्या आत पाळी गेली का, हे २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना धोक्यात धरतात. भारतीय उपखंडातला वंशही त्यात धरला आहे. आता आपला बीड जिल्हा आठवा. ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, हे २०१९ साली सरकारी समितीपुढे आलं. तरुणपणी गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली गेली तर हृदयाचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या वेळी हे यांतल्या किती जणींना सांगितलं असेल? गोळी घ्यावी की न घ्यावी हा वाद त्यांच्या दारापर्यंत पोचतच नाही. कारण त्यांना कोणी मोजलेलंच नाही.

म्हणून मैत्रिणींनो, या भांडणात एका बाजूला जाऊन उभं राहण्यापेक्षा आपण आपले प्रश्न मांडू या. डॉक्टरांना विचारू या : माझा धोका नेमका किती? गोळीने तो कितीने कमी होईल? त्रास झाला तर मात्रा कमी करता येईल का, स्वस्त जेनेरिक औषध कोणतं? गर्भधारणेचा विचार असेल तर तेही आधी सांगू या. विचारल्याशिवाय कोणी चालू गोळी बंद करू नये. सरकारी केंद्रांत तिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेह तपासतात. तिथेच बाळंतपणातला रक्तदाब, लवकर गेलेली पाळी, काढलेलं गर्भाशय, मिश्री यांचीही नोंद व्हावी, अशी मागणी प्रत्येक गटाने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी करावी.

पन्नास वर्षं हृदयाचे नियम पुरुषांना मोजून ठरले. आता ते नियम नाकारायचे की स्वीकारायचे, हेही आपल्याला वगळून ठरू देता कामा नये.