पहिलीच्या मुलांची पहिली भाषा

प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेंतील मुलें या सत्रांत काय शिकत आहेत, असें कोणी विचारिलें तर आपण सहज सांगूं कीं, मुळाक्षरें, अंक, दोन-चार गाणीं व स्वच्छतेचे नियम. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या वनप्रदेशापुरतें तें अपुरें आहे. येथील पुष्कळ मुलांस या सर्वांच्या आधीं आणखी एक विषय शिकावा लागतो. वेळापत्रकांत त्याचें नांव नसतें, त्यास निराळा तास नसतो, व त्यांत किती गुण मिळाले हें प्रगतिपुस्तकांत कोठेंही लिहिलेलें नसतें. गुरुजी जें बोलतात तें समजणें, हा तो विषय होय. त्याकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१९८२ सालापर्यंत हे दोन जिल्हे एकच होते. एवढ्या मुलुखांत किती भाषा नांदतात हें आपणांपैकीं बहुतेकांच्या ध्यानांतही येत नाहीं. भामरागड व एटापल्ली तालुक्यांतील टोल्यांतून माडिया ऐकूं येते; धानोरा-कोरचीकडे गोंडी; सिरोंच्यास गोदावरीच्या कांठीं तेलुगु; मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या निर्वासितांच्या गांवीं बंगाली; जिवतीच्या डोंगरांत कोलामी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या धानाच्या पट्ट्यांत मराठीच बोलतात, पण ती झाडीबोली. तींत ‘ण’ नाहीं व ‘ळ’ही नाहीं. घरीं ‘पानी’ पिऊन व ‘डोरा’ चोळून शाळेंत आलेल्या मुलास ‘पाणी’ व ‘डोळा’ हे शब्द आरंभीं परकेच वाटतात. तरीपण त्या मुलाच्या वाटेंत आहे तो ओहोळ. तें चार दिवसांत तो ओलांडतें. गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलापुढें मात्र भरल्या पावसाळ्यांतील पर्लकोटा नदी असते.

असें म्हणण्यास कारण आहे. गोंडी ही मराठीची बहीण नव्हे, मग पोटभाषा कोठून असणार! ती द्राविड कुळांतील असून तेलुगु व तमिळ यांची आप्त आहे. झाडास गोंडींत ‘मरा’ म्हणतात, तिनास ‘मुंद’ म्हणतात आणि माशास ‘मीन’. हा शेवटचा शब्द संस्कृतानेंही द्राविड भाषांकडूनच घेतला असावा, असें अनेक पंडितांचें मत आहे. आतां ‘झ झाडाचा’ असें म्हणून गुरुजी फळ्यावर अक्षर काढतात, तेव्हां त्या मुलास अक्षर नवें, उच्चार नवा आणि शब्दही नवाच. ओळखीच्या शब्दावरून अनोळखी अक्षराकडे न्यावें, हा बालशिक्षणाचा पहिला नियम. येथें अनोळखी शब्दाच्या खांद्यावर अनोळखी अक्षर बसविलें जातें. त्याच मुलास ‘म’ हें अक्षर मरा, मीन व मुंद या तीन शब्दांनीं शिकविलें तर तें एका दुपारांत त्याचें होईल, आणि पुढें ‘मका’ व ‘मगर’ हे मराठी शब्द वाचावयास तोच ‘म’ त्याच्या उपयोगी पडेल.

असें होत नाहीं तेव्हां मूल गप्प बसतें. गप्प बसणाऱ्या मुलास आपण मठ्ठ म्हणतों. न समजणें आणि बुद्धि नसणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत; परंतु तपासनिसाच्या टिपणांत दोहींची नोंद एकच होते. २०२१ सालीं सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचें ध्येय असें कीं, तिसरी इयत्ता संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें व साधें गणित करितां यावें. ध्येय उत्तम आहे. तथापि ‘समजून’ या शब्दाचा अर्थ आपण मनावर घेतला, तर कोणत्या भाषेंत समजून, हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

गणितांत भाषेचा अडसर नसतो, असा एक समज आहे. तोही खरा नाहीं. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘एकवीस’ याच्या जोडीस ‘वीस एक’ व ‘बासष्ट’ याच्या जोडीस ‘साठ दोन’ असें वाचन सुचविलें गेलें, तेव्हां राज्यभर वाद माजला व थट्टाही पुष्कळ झाली. थट्टा करणारांनीं सिरोंच्याच्या मुलाचा विचार केला नव्हता. तेलुगूंत आधीं वीस व मग एक असेंच म्हणतात. त्या मुलाच्या मनांत दशक पुढें असतो, व आपण त्यास एकक आधीं बोलावयास लावतों. वर ‘एकोणतीस’ म्हणून तिसांतून एक वजा करण्याचा हिशेबही त्याच्याकडून करवितों. मराठी अंकांची ही रीत जुनी आहे व ती टिकावी, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु ती कोणास सोपी व कोणास अवघड जाते, हें शिकविणारास ठाऊक असावयास पाहिजे. या मुलांच्या घरीं हिशेब नसतो असेंही नव्हे. उन्हाळ्यांत तेंदूपानांचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा व हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानें, हा व्यवहार घरोघर चालतो, व आईजवळ बसून पुडे बांधणारें मूल तो रोज पाहतें. पहिलीच्या गणिताचा आरंभ तेथूनच कां करूं नये?

२०२५ सालची एक गोष्ट सर्वांच्या स्मरणांत आहे. पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवावी, असा शासननिर्णय १६ एप्रिल रोजीं निघाला. त्यास सर्व बाजूंनीं विरोध झाला, मध्यंतरीं त्यांत फेरफार झाला, व अखेर २९ जूनला तो मागें घेण्यांत आला. त्या वेळीं एक युक्तिवाद सर्वत्र ऐकूं आला. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचा भार घालूं नये, त्यास प्रथम मातृभाषेंत स्थिर होऊं द्यावें, असा तो होता. हें म्हणणें आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. म्हणूनच आम्ही विचारतों कीं, तें भामरागडच्या मुलास लागू पडत नाहीं काय? त्याच्यापुढें आजच मराठी ही दुसरी व इंग्रजी ही तिसरी भाषा उभी आहे; पहिली मात्र शाळेच्या दाराबाहेर राहते. मराठीकरितां आपण जो न्याय मागितला, तोच न्याय मराठीनें आपल्या धाकट्या शेजारणीस द्यावा, यांत मराठीचा मोठेपणा आहे.

कायदाही याच बाजूस आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें आलेलें ३५०-अ हें कलम अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळण्याची सोय करावी, असें राज्यांस सांगतें. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा शक्य तेथवर मातृभाषाच माध्यम असावी, असें म्हणतो, व २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचाही भर घरच्या भाषेवरच आहे. तरीही २०११ च्या जनगणनेंत जवळजवळ ३० लक्ष लोकांनीं जी मातृभाषा म्हणून सांगितली, ती गोंडी घटनेच्या आठव्या परिशिष्टांत नाहीं. तिच्याहून निम्मे भाषिक असलेली बोडो २००३ सालीं तेथें गेली. मान्यता नाहीं म्हणून पुस्तक नाहीं, व पुस्तक नाहीं म्हणून शाळा नाहीं, असें हें रहाटगाडगें आहे. २०१९ सालीं धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें स्वतःच्या हिंमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली. पुढें तीन वर्षांनीं शासकीय मान्यतेचा प्रश्न तिच्यापुढेंही उभा राहिला. हें काम मुळांत अशक्य आहे म्हणावें, तर ओडिशाचा दाखला समोर आहे. त्या राज्यानें २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षणास आरंभ केला व पुढें ती संख्या एकवीसपर्यंत नेली.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पालकांकडूनच येतो. आमचीं मुलें गोंडी शिकून करणार काय? तहसील कचेरींत, बँकेंत, दवाखान्यांत गोंडी चालते काय? हा प्रश्न अनुभवांतून आलेला आहे व त्याची कोणी अवहेलना करूं नये. परंतु मुलानें मराठी शिकूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें ती चांगली शिकावी म्हणूनच हें सांगतों. जो विचार करावयास घरच्या भाषेंत शिकला, तो तो विचार दुसऱ्या भाषेंत नेऊं शकतो; ज्यास कोणत्याच भाषेंत विचार करूं दिला नाहीं, त्याच्या हातीं केवळ पाठांतर उरतें. दुसरा आक्षेप असा कीं, गोंडी दहा कोसांवर बदलते व गुरुजींची बदली होत असते. यास उपाय आहे. गांवांतील एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी पहिली-दुसरीच्या वर्गांत साहाय्यक म्हणून नेमावी. नव्या शिक्षकानें रुजू होतांच तेथील दोन-तीनशें शब्द शिकून घ्यावे. आरंभींचीं दोन वर्षें धडे घरच्या भाषेंत व्हावे, आणि मराठी गाण्यांतून व गोष्टींतून कानीं पडत राहावी. गोंडी शब्द देवनागरींतच लिहिले, तर तींच अक्षरें पुढें मराठी वाचनास कामीं येतील व श्रम दुप्पट होणार नाहींत.

सरकारी हुकुमाची वाट न पाहतां करण्याजोगें एक काम आमच्या वाचकांच्या हातीं आहे. अशा गांवांतून आलेले विद्यार्थी वरच्या वर्गांत आहेत. घरीं सुटी लागली म्हणजे त्यांनीं आजीच्या तोंडच्या गोष्टी, झाडांचीं, पक्ष्यांचीं व मोजणीचीं नांवें देवनागरींत एका वहींत उतरून घ्यावीं, व ती वही गांवच्या शाळेंत गुरुजींस किंवा बाईंस नेऊन द्यावी. ज्या शिक्षकास मुलांशीं बोलावयाचें असूनही शब्द सांपडत नाहींत, तो अशा वहीचा अव्हेर करणार नाहीं. आपल्या धाकट्या भावंडांस गुरुजींचें बोलणें समजण्यास सबंध वर्ष घालवावें लागूं नये, एवढें जरी तिनें साधलें, तरी त्या सुटीचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.