अंड्याचं भांडण

पोहण्याच्या तलावाच्या काठावर बेळगावच्या आम्हा आयांचं एक भांडण वर्षानुवर्षं चालत आलंय. प्रशिक्षक म्हणतात, "ताई, अंडं दिल्याशिवाय पोरीचं टायमिंग सुधारणार नाही." आम्ही जैनांच्या बायका म्हणतो, "ते आमच्यात जमायचं नाही, सर." दोघंही ठाम. आणि जिच्यासाठी हे भांडण, ती अर्ध्या कप चहावर पहाटे साडेपाचला पाण्यात उतरलेली असते! मीही माझ्या लेकीला दोन वर्षं तसंच पाठवलं, म्हणून बोलते.

आधी पोरगी पोटभर खाते का, ते बघा की! पोहणाऱ्याला पहिली गरज असते ती भाकरी, पोहे, भात, केळं यांतून मिळणाऱ्या ताकदीची. ती कमी पडली तर खाल्लेली प्रथिनंसुद्धा जळणासारखी वापरली जातात. जाणकार सरावातल्या खेळाडूला रोज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं सांगतात. म्हणजे ५० किलोच्या पोरीला ६० ते १०० ग्रॅम. पेलाभर दुधात सुमारे ८, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, मूठभर शेंगदाण्यांत ७. वर डाळ, उसळ, दही आहेच. अंड्यावाचून हिशोब जमतो. पण तो करायला हवा ना?

"शाकाहारात सगळं मिळतं" म्हणून मान उडवणाऱ्या बहिणींनाही मी सोडणार नाही. जेवणावर लगेच चहा दिला की पालेभाजीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं तर लागतं. बी-१२ची तपासणी किती जणींनी केली? सूर्यास्तानंतर जेवत नाही, ठीक. पण डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सराव सुटतो सातला. दमलेली पोरगी तशीच झोपते. नेम आपला, तर सरावाची वेळ बदलून मागणंही आपलंच काम. तो भार तिच्या पोटावर का?

सगळ्यात चीड येते ती पुढच्या गोष्टीची. पोरीची पाळी थांबते. सर म्हणतात, "खेळाडूंचं असंच असतं." आई मनात म्हणते, बरं झालं, स्पर्धेत कटकट नाही. अहो, खर्चाच्या मानानं खाणं तोकडं पडलं की शरीर एकेक काम बंद करतं, हाडं ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली याला 'रेड-एस' असं नावही दिलं. तीन महिने पाळी नाही, तर डॉक्टर गाठायचा. आणि इथं त्याच पोरीला वजन उतरव म्हणून सांगतात!

यावर उपाय म्हणून पावडरीचा डबा आणतात. त्यात बंदी असलेलं काही निघालं तर जबाबदार धरतात खेळाडूला, दुकानदाराला नाही.

तेव्हा बायांनो, भांडायचंच असेल तर तलावावर आहारतज्ज्ञ बोलवा म्हणून भांडा. समोर पोरी, सर आणि आपण, तिघांनाही बसवा. तोवर उद्या पहाटे चहाऐवजी एक केळं तरी हातावर ठेवा.