आपण काठावरचे कोरडे

माझे घर कृष्णेच्या काठी, सांगलवाडीला आहे. रोज सकाळी आयर्विन पुलावरून सायकल हाकीत मी कॉलेजला येतो. एकोणीस वर्षे ही नदी पाहतो आहे आणि तरीही मला पोहता येत नाही. हे लिहिताना लाज वाटते. पण ही लाज माझ्या एकट्याची नसावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे वडील गवंडीकाम करतात. तरुणपणी ते होड्यांच्या शर्यतीत वल्हे मारीत. सांगलीकरांना या शर्यती सांगायला नकोत. पावसाळ्यात नदी भरली, की लांबट होड्या पाण्यात उतरतात, दोन्ही काठ आणि पूल माणसांनी फुलून जातात आणि एका तालात पडणाऱ्या वल्ह्यांबरोबर सारा काठ ओरडू लागतो. एकदा मी वडिलांच्या जुन्या वल्ह्याला हात लावला, तेव्हा ते म्हणाले, "तू कॉलेजला जातोयस न्हवं? मग वल्हं कशाला?" त्यांच्या दृष्टीने वल्हे म्हणजे न शिकलेल्याचे काम. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजची पायरी चढला आहे. त्याने पुन्हा नदीत कशाला उतरावे?

आईचे कारण वेगळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट! मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. आम्हाला होडीतून बाहेर काढले, ते शर्यतीत वल्हे मारणाऱ्या हातांनीच. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली होडी उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्या दिवशी आईने मला शपथ घातली, की नदीत पाऊल टाकायचे नाही. मी ती पाळली.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला मामांकडे गेलो होतो. मामा मूळचे सातारा जिल्ह्यातले, मुंबईत माथाडी कामगार. रविवारी त्यांनी मला गेटवेहून लाँचने मांडव्याला नेले. तिथे किनाऱ्यालगत चिमुकल्या शिडाच्या होड्यांची चुरस चालली होती. दोन निमुळत्या होड्या शेजारी ठेवून आडव्या दांड्यांनी जोडलेल्या, मध्ये ताणून बसवलेली जाळी, वर उंच शीड आणि जाळीवर दोन माणसे. मामा म्हणाले, "साहेब लोकांचा रविवारचा खेळ हाय."

तेवढ्यात एक होडी आडवी झाली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. पण त्यातली मुलगी चक्क हसत होती! ती आणि तिचा जोडीदार पालथ्या बाजूवर चढले, दोर धरून मागे झुकले, आणि बघता बघता शीड पाण्यातून वर आले. किनाऱ्यावर विचारले, तेव्हा कळले, की शिकणाऱ्याला आधी होडी उलटवून पुन्हा सरळ करायला शिकवतात. अंगात तरंगते जाकीट घातल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडत नाहीत.

या होडीला कॅटामरान म्हणतात. हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून, म्हणजे 'बांधलेली लाकडे' यावरून आला आहे. कोकणातल्या होडीला तोल सांभाळायला बाजूला उलांडी बांधतात, तिच्याशी याचे नाते जवळचे. म्हणजे अशी विद्या आपल्या कोळ्यांकडेही आहे. इंग्रजी नाव लागले आणि ती साहेबांची झाली! मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे. ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून या जातीच्या होडीची जी शर्यत होते, तिच्यात एक पुरुष आणि एक स्त्री अशीच जोडी लागते. वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही, नागमोडी वळणे घ्यावी लागतात. तिथे नुसत्या दंडाचा उपयोग नाही, वारा ओळखणारा जिंकतो.

माझे म्हणणे एवढेच, की शिकलेली माणसे पैसे मोजून जे शिकतात, ते आपल्या बापांना येते आणि शिक्षणाच्या नावाखाली आपण ते टाकून देतो. दत्तू भोकनळ यांचे उदाहरण पाहा. नाशिक जिल्ह्यातल्या पाणीटंचाईच्या गावचा हा तरुण सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्णपदक मिळवून आला. दुष्काळी गावचा माणूस हे करतो आणि आपण नदीकाठचे मात्र कोरडे!

कुणी म्हणेल, कृष्णेत मगरी आहेत. आहेत, हे खरेच. म्हणून जागा आणि वेळ जाणकारांना विचारूनच ठरवावी. कुणी म्हणेल, सांगलीत नदीचे पात्र शिडाला पुरणार नाही. तेही मान्य. पण सातारा जिल्ह्यात कोयनेचा शिवसागर आहे. बामणोली-तापोळ्याला लाँच चालतात, त्यातून आपण पर्यटक म्हणून फिरतो आणि फोटो काढून परततो. तिथे आपल्या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी मिळून शिडाची एक होडी आणली, तर काय बिघडेल? तोवर आपल्या कॉलेजला वल्ह्यांची एक होडी आणि वीस तरंगती जाकिटे हवीत. आधी सर्वांना तलावात पोहणे शिकवावे, मुलींनाही. आणि शिकवायला काठावरचे जुने वल्हेकरी बोलवावेत. ज्यांना आपण अडाणी समजतो, ते एक दिवस आपल्या कॉलेजात शिक्षक म्हणून उभे राहिलेले मला पाहायचे आहेत.

पूर पुन्हा येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा आपण होडीत बसणारे असू की होडी चालवणारे, हे आजच ठरवायला हवे.

आईने घातलेली शपथ अजून सोडवलेली नाही. पण हा लेख मी रात्री घरी वाचून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग वडिलांकडे न बघताच म्हणाली, "त्याला आधी पवायला तरी शिकवा."