नदी राखायची तर ओढ्यापासून

अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरात नाला होऊन जाते. २०१४ साली तिच्यात रसायनाचे टाकाऊ पाणी ओतले गेले आणि वायूने शेकडो माणसे दवाखान्यात गेली. बदलापूरला तर उल्हास नदीचेच पाणी पिण्यासाठी उचलतात. अशा ठिकाणी राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांनी नुसता काठचा कचरा उचलून भागत नाही. गावकऱ्यांना बरोबर घेऊन ओढ्याओढ्याने वर जावे, कुठले पाणी कुठे मिसळते ते वहीत टिपावे, असे आम्हांस वाटते.

तिकडे ऊस नाही, पण धडा आपल्यालाही आहे. आपल्या पाटाचे जादा पाणी युरियासकट ओढ्यातच उतरते. कारखान्याचे सांडपाणीही तपासायला हवे. यंदा कॉलेजच्या पोरांचे शिबिर आपल्या ओढ्यावर बोलवू. भाकरीची सोय सभासदांनी करावी, आणि नोंद कडू निघाली तरी ती वार्षिक सभेत वाचावी.

— ऊस विकास अधिकारी